मोजेवाल्या बायचा हात

आमच्या बंदरावर एक बाय होती, ती हातांत मोजे घालायची. पायातले मोजे, हातांत. शाळेतल्या पोरींचे असतात ना पांढरे, गुडघ्यापर्यंतचे, वर लाल पट्टीवाले, तसले. बोटांकडची टोकं कात्रीनं कापायची आनि पार कोपराच्या वर ओढून घ्यायची. वैशाखात आम्ही बाया घामानं निथळायचो, पदरानं वारा घ्यायचो, आनि ही मोजे चढवून बसलेली. म्हनून तिचं नाव पडलं मोजेवाली. खरं नाव फक्त मतदानाच्या यादीत.

तिला चिडवायला कोनी सोडलं नाय. "काय गो मोजेवाले, शाळा भरली का?" असं कोनी म्हनालं की ती मान वर न करता म्हनायची, "भरली. तू पहिलीतच हायस अजून, बस खाली." आमच्यात सगळ्यांत जास्त ती शिकलेली, म्हंजे चौथी. मी दुसरीतच शाळा सोडलेली. आई मासळी विकायला जायची आनि धाकटा भाऊ माझ्या कडेवर, मंग शाळा कुठली.

होडी लागली की मासळीचा ढीग वाळूत ताडपत्रीवर ओततात. जवळा, बोंबील, मांदेली, करंदी, सगळं एकात एक. आम्ही बाया भोवती उकिडव्या बसून ते निवडतो. त्या ढिगात झारही येतो. झार म्हंजे तुम्ही ज्याला जेलीफिश म्हनता तो. थुलथुलीत गोळा, खाली दोऱ्या लोंबतात. त्या दोऱ्यांत सुया असतात, डोळ्याला न दिसनाऱ्या. जवळ्यात त्याचा दोन बोटांचा तुकडा जरी असला तरी हात लावला की आग. आमच्या आयांचे हात जळायचे, आमचे जळायचे, आनि आम्हाला वाटायचं की हे धंद्याचंच हाय, जसं विळीनं बोट कापतं तसं. मोजेवालीला ते तसं वाटत नव्हतं.

तिचं सांगायचं तर आधी माझं थोडं सांगावं लागंल. त्याच्याशिवाय ती कळायची नाय.

आमच्या पाड्यात एक रीत होती. होडी किनाऱ्याला लागायच्या टायमाला घरची बाई तांब्या घेऊन उभी. गोड्या पान्याचा तांब्या. मानूस उतरला की आधी त्याच्या तोंडावर, हातांवर ते पानी ओतायचं, अंगावरचं मीठ उतरवायचं, मंग बाकीचं बोलनं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूनं माझ्या हातात तांब्या दिला. म्हनाली, "तुझा मानूस दर्यातून येतो तो निम्मा दर्याचा असतो. पानी ओतलंस की तुझा." मला ते फार आवडलेलं. मी कधी चुकले नाय. तापात असताना पन जाऊन उभी ऱ्हायले.

मंग एक दिवस माझ्या घरधन्यांना होडीतून उचलून उतरवलं. जाळं ओढताना एक झार त्यांच्या मानेवर आनि छातीवर पडलेला. उघड्या अंगानं काम करायचे, सगळेच करायचे. काचेच्या चौकोनी डबीसारखा असतो तो झार, पान्यात दिसत पन नाय. छातीवर आसूड मारल्यासारखे वळ उठलेले आनि वळांवर अजून दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. मी तांब्या रिकामा केला. सगळा त्यांच्या छातीवर. ते ओरडले. तोवर दातावर दात धरून होते, पानी पडल्यावर ओरडले. मंग बायांनी सांगितलं, सुकी वाळू चोळ, सुकी वाळू चोळ. मी चोळली. टेम्पोत घातलं तेव्हा श्वास नीट चालत नव्हता. दवाखान्याच्या दारात टेम्पो थांबला तेव्हा चालायचाच थांबला होता.

दोन पोरी होत्या मला. एक पाच वर्सांची, एक अंगावर पिनारी. रडायला मला कोनी वेळ दिला नाय आनि मी पन घेतला नाय. पन एक गोष्ट डोक्यातून जाईना. पानी पडल्यावर ते ओरडले, ते का? माती देऊन आल्यावर घरात बाया बसलेल्या, त्यांना मी एकदाच विचारलं, "माझ्या पान्यानं गेले का ते?" सगळ्या एका सुरात म्हनाल्या, "नाय गो, असं कसं, काय पन बोलतेस." कोपऱ्यात एकटी मोजेवाली गप होती. तेव्हा तिच्या हातांत मोजे नव्हते. मी तिच्याकडं बघितलं. ती म्हनाली, "मला ठाऊक नाय, हिरू. ठाऊक झालं की सांगीन."

सगळ्या तिच्यावर उखडल्या. दुखवट्याच्या घरात असं बोलतात का, म्हनाल्या. पन मला त्या दिवशी तेवढंच एक खरं ऐकल्यासारखं वाटलं.

ती सकाळी मासळी निवडायची आनि दुपारी पापडी गावात एका दवाखान्यात झाडलोट करायला जायची. तिथं डॉक्टरची भांडी उकळवायची, पट्ट्या गुंडाळायची, आनि कान उघडे ठेवायची. औषधांची नावं तिला यायची नायत, पन कुठल्या दुखन्याला काय करतात ते तिच्या ध्यानात ऱ्हायचं. आम्हाला काय लागलं-खुपलं तर आम्ही तिच्याकडंच जायचो. तिच्या कंबरेला एक चिमटा बांधलेला असायचा, काटे काढायचा. तो चिमटा देवाच्या गळ्यातल्या दागिन्यासारखा जपायची.

दीड-दोन महिने गेले असतील. एक दिवस ती बंदरावर आली ती मोजे घालून. आनि डोक्यावर बालदी. बालदीत समुद्राचंच पानी. समुद्राच्या काठावर समुद्राचं पानी बालदीत भरून ठेवनारी बाई आम्ही पहिल्यांदा बघितली. हसून हसून पोट दुखलं बायांचं. होडी लागली. एका पोरसवदा खलाशाच्या हाताला झार लागलेला, त्याची बायको तांब्या घेऊन पुढं झाली. मोजेवालीनं तिचं मनगट धरलं. "ते पाज त्याला. ओतू नको. ओतायला हे घे." आनि बालदी पुढं केली.

आमच्यात पारूआत्या म्हनून एक म्हातारी होती, साऱ्या पाड्याच्या रीतीभाती तिच्या हातात. ती भडकली. "आजेपंजे काय खुळे होते काय? गोड्या पान्यानं आग विझते, का आग लागते?"

"झार लागला असंल तर लागते," मोजेवाली म्हनाली. "तुकडे चिकटलेले असतात अंगाला. गोडं पानी पडलं की उरलेल्या सुया पन टोचतात. वाळू चोळली तरी टोचतात. खाऱ्या पान्यानं धुवायचं, चोळायचं नाय, तुकडा चिमट्यानं नायतर काडीनं उचलायचा. हातानं नाय."

सगळ्यांनी वळून माझ्याकडं बघितलं.

मी तिथंच जवळा निवडत बसले होते. माझा हात थांबला नाय. पन त्या दिवसापास्नं मी तिच्याशी बोलनं टाकलं. मला माझं उत्तर मिळालं होतं, आनि ते तिनं चार बायांच्या देखत दिलं होतं, असं मला वाटलं. घरी जाऊन तो तांब्या मी माळ्यावर टाकला. आनि बंदरावर जाताना गोडं पानी न्यायचंच सोडलं. प्यायला पन. पहाटेपास्नं दुपारपर्यंत उन्हात बसायचे, जीभ टाळूला चिकटायची, घरी जाऊनच पानी प्यायचे. ही कोनाला दाखवायची गोष्ट नव्हती. मला नुसतं त्या किनाऱ्यावर गोड्या पान्याला हात लावनं जमेना.

तिनं ते हेरलं. माझ्याशी बोलायला आली नाय, माफी मागायला नाय, समजूत घालायला नाय. एक दिवस येऊन माझ्या बाजूला बसली आनि माझ्या मांडीवर मोज्यांची एक जोडी टाकली. टोकं कापलेली, कडा दोऱ्यानं शिवलेल्या. "घाल," म्हनाली. "पोरींना भाकरी थापायला हात लागतात तुला." मी घातले नाय. दुसऱ्या दिवशी घातले. हात दोनदा सुजून मी चार-चार दिवस घरी बसलेले, आनि मी घरी बसले की चूल पन बसायची. मोजे घातल्यापास्नं एकदा पन बसले नाय. आता आम्ही दोघी मोजेवाल्या झालो, तर बाया म्हनायला लागल्या, "शाळेत एक पोर वाढली." ती म्हनाली, "ही हुशार हाय, सरळ तिसरीत घातली."

तिला भांडून जिंकायची हौस नव्हती. तांब्याची रीत मोडा, असं तिनं कधीच म्हटलं नाय. रीत तशीच ठेवली, फक्त तिच्यात एक सवाल घातला. म्हनाली, "तांब्या घेऊन उभ्या ऱ्हावा, खुशाल ऱ्हावा. फक्त आधी विचारा, जळतंय का? जळत असंल तर बालदी, जळत नसंल तर तांब्या." हे पारूआत्याला पन पटलं, कारन तिचा तांब्या वाचला. बघता बघता आमच्या बंदरावर तेच चालू झालं. होडी लागली की बाया वरनं ओरडतात, "जळतंय का?" आनि पुरुष पान्यातनं ओरडतात, "नाय गो!" लग्न होऊन नवीन आलेल्या सुनांना वाटतं की ही काय खुशाली विचारायची पद्धत. मंग त्यांना पन तेच तोंडात बसतं. माझी धाकटी एकदा तिच्या नवऱ्याला फोनवर विचारत होती, हाफिसातनं निघालास का, जळतंय का काय.

पुरुषांना अंगभर कपडे घालायला लावनं हे सगळ्यांत अवघड काम. जाळं ओढताना जुनी फुल पँट आनि लांब बाह्यांचा शर्ट घालायचा, असं ती एकेका होडीवर जाऊन सांगायची. पुरुष म्हनायचे, उकडतं. म्हनायचे, पाय अडकतो. एक नाखवा, होडीचा मालक, तिला म्हनाला, "माझा बाप लंगोटीवर गेला दर्यात, आनि तू मला साहेब करतेस?" ती म्हनाली, "मासळी लंगोटी बघून येते का? मंग पँट बघून जानार पन नाय." सगळी होडी हसली. तो नाखवा दुसऱ्या आठवड्यात लेकाची कॉलेजची जुनी पँट घालून आला. तिनं त्याला बघून न बघितल्यासारखं केलं. ते तिला चांगलं जमायचं. ऐकलेल्या मानसाला "बघ, मी सांगितलं होतं" असं तिनं कधी म्हटलं नाय.

सकाळी बंदरावर आली की मासळीकडं बघायच्या आधी ती भरतीची रेघ बघायची, ओहोटीनं वाळूवर कचरा टाकलेला असतो ती. दोन दिवस पश्चिमेचा वारा लागला की म्हनायची, "आज पाव्हने असतील." आनि असायचे. तीन-चार झार वाळूवर दिसले की समजायचं, पान्यात पुष्कळ हायत, आज पोरांना पान्यात सोडायचं नाय. मोठा पांढरा, परातीएवढा असतो, त्यानं खाज सुटते. तांबूस रेघांचा असतो, त्यानं आग होते. चौकोनी काचेचा असतो, त्याला बघून नाय, त्याच्या वळांवरनं ओळखायचं आनि तिथं वाट बघायची नाय, गाडी बोलवायची. पावसात निळे फुगे येतात, लहान, दिसायला इतके गोड की पोरं उचलायला जातात. त्याच्या खाली निळा धागा असतो, मानसापेक्षा लांब. "मेला असला तरी सुई जित्ती असते त्याची," असं ती म्हनायची. सुकलेलं जाळं झटकताना पन ती मोजे काढायची नाय. चार दिवसांपूर्वीचा सुकलेला दोरा ओल्या हाताला लागला की पुन्हा जागा होतो, हे मी स्वता बघितलं.

तिच्याकडं एक थर्मास होता. दवाखान्यात टाकून दिलेला, झाकन दुसऱ्याच कसल्या बाटलीचं. रोज सकाळी त्यात गरम पानी. खाऱ्या पान्यानं धुवून, तुकडे काढून झाले की जळतंय तिथं गरम पानी, सोसंल इतकं, आनि घाई न करता, अर्धा तास तरी. बायांना वाटायचं चहा हाय. "घोटभर दे गो." "चा नाय, पानी हाय." "मंग कशाला मिरवतेस?" त्या थर्मासातनं तिनं कोनाला घोट दिला नाय, आनि स्वता पन कधी प्यायली नाय. ज्याला लागलंय त्याला विचारायचं नाय की किती गरम, असं ती सांगायची, कारन त्याला कळत नसतं, दुखत असतं. "आपलं कोपर घाल. आपल्या कोपराला सोसलं तर त्याला सोसंल." आनि एवढं सगळं करताना तिचे डोळे जखमेवर नसायचेच, तोंडावर असायचे. श्वास लागतोय का, घाम सुटतोय का, ओकारी येतेय का, छातीत धरतंय का. यातलं एक जरी दिसलं तर ती बालदी, थर्मास सगळं सोडून रिक्षा बोलवायची. "माझं पानी दवाखान्याच्या दारापर्यंत. आत डॉक्टर," म्हनायची.

मी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन उमेळ्याला जायचे तेव्हाची गोष्ट. तिथल्या वाड्यांमधून दारोदार सुकं-ओलं विकायचे. आता तिथं बिल्डिंगी झाल्या, तेव्हा केळीच्या बागांतनं वाट होती. एकदा माझ्या थोरलीला ताप होता आनि मला पाटी सोडून चालनार नव्हतं. मोजेवाली दवाखान्यातनं सुटली ती घरी न जाता माझ्या पोरीजवळ येऊन बसली. मी आले तर पोर उठून बसलेली, आनि तिच्या हातांत मोजे. लहान मापाचे. ती पोरीला शिकवत होती, "हा काय?" "झार." "शिवायचं?" "नाय." "मेलेला असला तर?" "तरी नाय." स्वताला पोरं नव्हती म्हनून दुसऱ्यांच्या पोरांचं करायची, असं लोक म्हनायचे. मला नाय तसं वाटत. तिला जे ठाऊक झालं होतं ते तिच्याच्यानं एकटीकडं ठेववत नव्हतं.

माझं पानी न पिनं तिला दिसायचं. वर्सातनं एखादवेळा म्हनायची, "पी गो. पान्याचा काय गुना?" मी म्हनायचे, "तहान नाय." ती पुढं बोलायची नाय. वर्सं अशी गेली. पोरींची लग्नं झाली. मला मोतीबिंदू झाला, काढला. तिची कंबर वाकली, पन मोजे आनि थर्मास सुटला नाय.

दोन वर्सांपूर्वी ती आजारी पडली, ती उठायचीच नाय असं दिसायला लागलं. मी रोज जायचे, पेज घेऊन. एक दिवस दुपारची आम्ही दोघीच होतो. घरात पन तिच्या हातांत मोजे. मी म्हटलं, "आता तरी काढ गो, हितं कुठला झार?" ती म्हनाली, "तुला सांगीन म्हटलेलं. सांगायचं ऱ्हायलंय."

मला आधी कळलंच नाय. मंग कळलं.

तिनं डावा मोजा ओढून काढला. इतक्या वर्सांत तो हात मी उघडा बघितला नव्हता. कोपरापासून मनगटापर्यंत तीन डाग होते, एकाखाली एक, रांगेत. एक काळपट. एक फाटून शिवल्यासारखा, वेडावाकडा. तिसरा नीट बघितला तर दिसंल इतकाच.

"डॉक्टरला विचारलं मी," ती म्हनाली. "डॉक्टर म्हनाला, गोडं पानी नको, चोळनं नको. मी म्हटलं, बंदरावर कोन ऐकंल हे? पारूआत्या ऐकंल? आनि तुला काय सांगू, डॉक्टर म्हनतो म्हनून सांगू? तुला खरं पायजे होतं. मंग एक तांबूस झार धरला, साधाच, आनि त्याची दोरी तीन जागी ठेवली. हा वरचा, याच्यावर गोडं पानी ओतलं. हा मधला, वाळू चोळली. हा खालचा, खाऱ्यानं धुतला, मंग गरम पानी."

मी म्हटलं, "वेडी हायस का गो तू?"

"डॉक्टर पन तेच म्हनाला. लई ओरडला. कोनी करू नये, म्हनाला, मानूस जातो अशानं. म्हनून तर मोजे. पोरं बघतील आनि करून बघतील."

वरचा काळा डाग मी बोटानं दाबून बघितला. मी जे विचारलं होतं ते मला पुन्हा विचारायलाच लागलं. "मंग माझ्या पान्यानं गेले का ते?"

खोटं बोलायची तिला सवय नव्हती आनि मरताना ती लावून घेनार नव्हती. "तुझ्या पान्यानं जास्त जळलं," ती म्हनाली. "ते खरं. हा डाग बघ. पन गेले कशानं, ते मला ठाऊक नाय, हिरू. तो चौकोनी होता. छातीवर होता. पानी नसतं ओतलंस तर ऱ्हायले असते का, ते माझा हात सांगत नाय. मी तीन डाग केले, चौथा केला असता तरी त्यानं पन सांगितलं नसतं." थोडा दम खाल्ला. "आनि तो तांब्या तुझा एकटीचा नव्हता. आम्ही साऱ्या बाया तोच घेऊन उभ्या होतो. तुझा मानूस आधी उतरला, एवढंच."

मी रडले नाय. तिच्या हातावर मोजा परत चढवला. पेज पाजली.

ती गेली तेव्हा तिला चांगलं लुगडं नेसवलं. भाचीनं नवे मोजे आनलेले, पांढरे, कोरे, घालायला. मी म्हटलं, डावा ऱ्हाऊ दे. भाची म्हनाली, "काकी, डाग दिसतील, बरं नाय दिसत." मी म्हटलं, "दिसू देत." बंदरावरच्या बाया एकेक करून आल्या, त्या हाताकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी त्यांना सांगितलं, वरचा गोड्याचा, मधला वाळूचा, खालचा खाऱ्याचा. शेवटी पारूआत्याची सून आली. ती त्या हातावर कपाळ टेकून ऱ्हायली. कोनी हसलं नाय. इतकी वर्सं हसलो होतो ते तिथं संपलं.

तिचा चिमटा आनि थर्मास माझ्याकडं आला. भाचीला तो थर्मास टाकायचा होता.

आता मी पावसाळ्यात किनाऱ्यावर सुकट, सुके बोंबील विकायला बसते. रविवारी विरारच्या बिल्डिंगींतनं लोक येतात, भिजायला, फोटो काढायला. गेल्या श्रावनात सकाळी रेघेवर मी निळे फुगे बघितले, सहा-सात. येईल त्याला सांगत होते, पान्यात उतरू नका. काही ऐकत होते, काहींना म्हातारी बडबडतेय असं वाटत होतं. एक जोडपं होतं. नवीनच लग्न झालेलं, तिच्या हातांत हिरवा चुडा. तो पान्यात गेला गुडघाभर आनि उड्या मारत बाहेर आला. पायाला निळा धागा गुंडाळलेला.

ती पोरगी घाबरली. "अरे, काय झालं? थांब, थांब, पाणी टाकते," म्हनत तिनं पिशवीतनं पान्याची बाटली काढली, बूच फिरवलं, आनि त्याच्या पायावर वाकली.

मी कधी उठले ते मला ठाऊक नाय. गुडघे धरतात माझे, पन उठले. तिचं मनगट धरलं.

"अहो आजी, काय करताय? सोडा ना!"

"ओतू नको. बालदी घे ती माझी. समुद्राचं पानी आन, धाव."

"पण ते घाण आहे, जखमेत—"

"धाव म्हनते ना!"

ती धावली. त्याला खाली बसवला, चोळू दिलं नाय. खारं पानी ओतत ऱ्हायले, चिमट्यानं धागा उचलला, एक एक तुकडा. चहाच्या टपरीवरनं किटली आनवली, थर्मासातलं होतं ते, दोन्ही मिळून बालदीत खाऱ्या पान्यात घातलं, माझं कोपर बुडवून बघितलं आनि त्याचा पाय आत. "छातीत धरतंय?" "नाही." "श्वास?" "ठीक आहे, आजी. पण पाय जळतोय." "जळू दे, निवंल. तिकडं बघू नको, माझ्याकडं बघ." मी त्याच्या तोंडाकडं बघत ऱ्हायले. पाव तास. अर्धा तास. त्याचं कपाळ सैल झालं. बायकोला म्हनाला, "फोटो काढलास का?" तेव्हा मला कळलं की हा ऱ्हातो. तरी पन रिक्षा बोलवली, म्हटलं डॉक्टरला दाखवूनच घरी जा.

रिक्षा यायची होती. ती पोरगी माझ्या बाजूला येऊन बसली. म्हनाली, "आजी, मी ते पाणी टाकलं असतं तर?"

मी मोजेवालीसारखं सांगितलं. "जास्त जळलं असतं. तेवढं मला ठाऊक हाय. पुढचं नाय."

बाटली अजून तिच्या हातात होती, बूच उघडं, भरलेली. मी हात पुढं केला.

"दे ती इकडं," मी म्हटलं. "तहान लागलीय."

आनि त्या किनाऱ्यावर बसून मी गोडं पानी प्यायले.